फुकट नाही, साहेब

तेस्फाये इथिओपियाहून अकोल्याला शेतकी शिकायला आलेला. कापसाची वेचणी शिकावी म्हणून तो सत्यभामाकाकूंच्या शेतात जायचा. कोणीतरी तक्रार केली. व्हिसा तपासणाऱ्या साहेबांनी दोघांना बोलावलं. “हा तुमच्याकडे काम करायचा?” परक्या पोराला फुकट राबवल्याचा आळ आलाय, असं वाटून काकू भडकल्या. “केलं ना! पण फुकट नाही, साहेब. गावच्या बायांइतकीच मजुरी देल्ली. नको नको म्हने, मीच खिशात कोंबली.” साहेबांनी ते लिहून घेतलं. मग तेस्फायेकडे वळून ते इंग्रजीत म्हणाले, विद्यार्थी व्हिसावर मजुरी चालत नाही, पंधरा दिवसांत देश सोडा. बाहेर आल्यावर काकूंनी पिशवीतून फडकं काढलं. वेचताना तो कमरेला बांधायचा तेच, धुऊन आणलेलं. “कसं सांगतलं साहेबाले! आता उद्या येशीन ना वेचाले?” “सकाळीच येतो, काकू,” म्हणत त्यानं फडक्यात पासपोर्ट गुंडाळला.