बापाच्या नावाचं रक्त

ब्लड प्रेशरवाल्याला जहाजावर खलाशी म्हणून कोण घेणार? गोळ्या गिळून बरानिकोने प्रेशरचं मशीन फसवलं, पण रक्ताला कसं फसवणार? म्हणून तारावा बेटावरच्या दवाखान्यात बापाच्या नावावर रक्त द्यायला त्याचा मुलगा तेबाऊ गेला. बावीस वर्षांचा, रोज माडावर चढून माडी काढणारा धट्टाकट्टा गडी.

आज डॉक्टरांनी रिपोर्ट बरानिकोपुढे सरकवला. "रक्तातलं क्रिएटिनिन भलतंच वाढलंय. मशीनवर प्रेशर ठीक दिसलं, पण जुन्या प्रेशरने किडनीच्या रक्तवाहिन्या पार खराब केल्यात. जहाज विसरा आता. पण मनाला लावून घेऊ नका, तुमच्या वयात व्हायचंच हे."

बरानिको रिपोर्ट खिशात कोंबून बाहेर आला.

दाराशी तेबाऊ खारवलेला मासा चघळत उभा होता. "काय बाबा," तो हसला, "झालास ना पास, माझ्या जिवावर?"