शेजारचा राउटर

बाळंतपणाच्या रजेवरून परतले, तेव्हा माझी टीम लीडची जागा शलाकाला दिलेली होती. "तू परत येणार नाहीस, असं शलाकाच म्हणाली ना," सर गोंधळून म्हणाले. मी असं कधीच बोलले नव्हते. मला शिकाऊ मुलांच्या वर्गावर पाठवलं.

"राउटरला डेटाची पुढची सगळी वाट दिसत नाही," मी शिकवत होते. "शेजारचा राउटर म्हणतो, माझ्याकडून जवळ पडेल. हा त्याचं ऐकून डेटा तिकडे पाठवतो."

"शेजारचा खोटं बोलला तर, मॅडम?"

"तरी ऐकतो. शेजारी आहे ना."

दुपारी शलाका डबा घेऊन माझ्याशेजारी बसली, नेहमीसारखी. "बाळ कसं आहे गं? झोपतं का रात्री?"

"झोपतं," मी म्हणाले. "तू बारशाला आणलेल्या दुपट्यातच झोपतं. दुसरं कुठलं चालत नाही त्याला."