चार पौंड पाणी

काट्यावर एकशे त्र्याण्णव पौंड आकडा आला. व्हर्निटानं बूट आधीच काढले होते. आता कानातली डुलं काढून तिनं नर्सच्या हातावर ठेवली आणि पुन्हा काट्यावर चढली. एकशे त्र्याण्णव.

“काल सकाळी घरी एकशे एकोणनव्वद होते हो, मिसेस टिब्स. देवाशप्पथ.”

“खोटं कुठं म्हणतेय मी?” मिसेस टिब्स म्हणाल्या. दोघी एकाच चर्चच्या, एकाच गायनमंडळातल्या. “पाणी असेल. अंगात साठतं. पण मला जे दिसतं तेच लिहावं लागणार. एकशे नव्वदच्या आत आल्याशिवाय डॉक्टर तुझी किडनी काढून बहिणीला द्यायचे नाहीत. आता पुढची तारीख सप्टेंबरात.”

“मेमध्येही असंच झालं. घरी आत, इथं बाहेर.” व्हर्निटा हसायला गेली. “रविवारी पाळकांनी गळा मोकळा सोडून सांगितलं ना, बायबलातल्या त्या राजाला देवानं तराजूत घातलं आणि तो उणा भरला. मी मेली दर वेळी जास्तच भरते.”

मिसेस टिब्स हसल्या नाहीत. “काल काय खाल्लंस?”

“कोलार्डच्या पाल्याची भाजी, उकडलेली. ताईकडे. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तीच जेवायला घालते, मी बाहेरचं काही तोंडात टाकू नये म्हणून.”

“मीठ?”

“तिच्या घरात मीठ कुठलं? तिलाच बंदी आहे.”

ताई, म्हणजे ओझेला, त्याच इमारतीत तळमजल्यावर डायलिसिसला बसली होती. व्हर्निटानं जिन्याशेजारच्या नळावर तोंड धुतलं आणि मग आत गेली. बाहेर मेम्फिसचा जुलै तापला होता. इथं ओझेला हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढून, डावा हात नळ्यांच्या स्वाधीन करून पडली होती. डोळे मिटलेले. पाळकांचं प्रवचन शेवटाकडे चढत चढत गाणंच होऊन जातं, तो रविवारचा चढ ती ओठांतल्या ओठांत घोळवत होती. व्हर्निटाहून ती अठरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर हिला वाढवलं ते तिनंच.

“आलीस? तोंड नको पाडू,” ती म्हणाली. “चार पौंडांचं ते काय! पाणीच ते. दोन दिवसांत उतरेल.”

स्टूल ओढता ओढता व्हर्निटा थांबली.

“चार कुणी सांगितले तुला?”

ओझेलानं डोळे उघडले. यंत्र तेवढं फिरत राहिलं.

काल पाला भारी लागला होता. व्हिनेगरचा आंबटपणा, मिरचीचा झणका, आणि खाली काहीतरी जिभेला धरून ठेवणारं. भाजीचं पाणीसुद्धा ती वाटीला तोंड लावून प्यायली होती. एकदा नव्हे, दोनदा. ओझेलानंच ओतून दिलं होतं. किती मिठानं अंगात किती पाणी साठतं, हे ओझेलाइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? आठवड्यातून तीनदा ती आधी काट्यावर उभी राहायची, आणि मग यंत्र तिच्या अंगातलं पाणी ओढून काढायचं.

“मीठ कुठून आणलंस, ताई?”

“शेजारच्या मिसेस गेन्सकडून. वाटीभर.”

“दोन्ही वेळा?”

“एका वाटीत दोन्ही वेळा भागलं.”

व्हर्निटा स्टुलावर बसली. “वर्षभर पहाटे उठून चालतेय मी. स्वतःच्या पोरीच्या वाढदिवसाचा केक नाही खाल्ला. एक्केचाळीस पौंड उतरवले, ताई! तुला माझी किडनी नको होती, तर नाही म्हणायचं होतंस.”

“नाही म्हटलं असतं, तर पहाटे उठून चालली असतीस? वजन उतरवलं असतंस?”

पलीकडच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं. ओझेलानं आवाज खाली आणला.

“आईच्या किडन्या पंचावन्नाव्या वर्षी गेल्या. माझ्या सत्तावन्नाव्या. रक्त तेच आहे, पोरी. तुझ्यावर वेळ येईल तेव्हा तुझ्यापाशी दोन्ही असू देत.”

“डॉक्टरांनी सगळं तपासलंय. मला काही झालेलं नाही.”

“तुझ्याएवढी होते तेव्हा, एक्केचाळिसाव्या वर्षी, मलाही काही झालेलं नव्हतं.”

“आणि तुझं काय?”

“माझं नाव आहे ना किडनीच्या यादीत.”

“त्या यादीत नंबर लागायला पाच वर्षं जातात.”

दोघींनी यंत्राकडे पाहिलं, मग दोघींनी नजर काढून घेतली.

“पुढच्या वेळी मी तुझ्या हातचं खाणार नाही,” व्हर्निटा म्हणाली.

“बरं.”

“पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही.”

“बरं म्हटलं ना. तारीख कुठली दिलीय?”

“सप्टेंबरची तेवीस.”

“सप्टेंबर.” लांबच्या कुठल्या गावाचं नाव घ्यावं, तसं ओझेलानं म्हटलं. “तोवर शेगडीपाशी उभं राहता आलं मला, तर भांडू आपण.”

व्हर्निटानं ब्लँकेटखाली हात घातले आणि तिचे पाय चोळायला घेतले. पाय गार होते. ती चोळत राहिली. पाय ऊब धरेनात.