साबणाची चव

"जरा मोठ्यानं बोला हं," दार उघडत सून म्हणाली. "सासूबाईंना कमी ऐकू येतं. आणि ओळखलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, आताशा त्या मलाही ओळखत नाहीत. तुम्ही त्यांच्या वसतिगृहातल्या ना?"

"हो," टिटवी म्हणाली. कर्कश आवाजावरून तिथल्या मुलींनी ठेवलेलं हे नाव तिला पन्नाशीतही चिकटून होतं.

तिच्या पिशवीत तिच्या आत्मकथेची पहिली प्रत होती. डोंगरातल्या वस्तीवरून उचलून वसतिगृहात आणलेली सहा वर्षांची पोर पुढे नर्स झाली, तिनं दोन लेकरं वाढवली. पण झोपेत दचकणं थांबायला अर्धं आयुष्य गेलं. सगळं तिनं लिहिलं होतं. फक्त एक प्रकरण वसतिगृहाच्या बाईंच्या तोंडावर वाचून दाखवायचं, हे तिनं लिहितानाच ठरवलं होतं.

"आई, कशाला खपली काढतेस?" लेक म्हणाली होती.

"खपली नाही गं. काटा काढायचाय."

बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. पार चिपाड झालेल्या. पण त्यांचे हात दिसले आणि टिटवीच्या तोंडाला कोरड पडली. डोंगराकडच्या बोलीतला एक शब्द निघाला, की हेच हात साबणाची वडी जिभेवर घासत. बाईंची स्वतःची भाषा मात्र छापील पुस्तकासारखी. "माणसांसारखं बोला," म्हणायच्या.

सून चहा टाकायला आत गेली. टिटवीनं पुस्तक उघडलं.

तिनं प्रकरणाच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. ती वाचत राहिली. बाई ढिम्म. भिंतीला सांगावं तसं. टिटवीच्या मस्तकात तिडीक गेली. एवढी वर्षं जे उरात घेऊन फिरले, ते ही ऐकतसुद्धा नाही!

मग पहिल्या रात्रीचं ते वाक्य आलं. बंद दारावर मुठी आपटत तिनं आईला मारलेली हाक. पुस्तकात ती तिनं आपल्याच बोलीत ठेवली होती. टिटवीनं ती वाचली नाही, ओरडून मारली.

बाईंचा हात उठला.

टिटवीचे डोळे आपोआप मिटले. ओठ घट्ट आवळले गेले.

हात तिच्या तोंडावर येऊन थांबला. तिनं डोळे उघडले. बाई भेदरून दाराकडे बघत होत्या. मग त्या तिच्या कानाशी वाकल्या आणि अस्सल डोंगराकडच्या बोलीत कुजबुजल्या,

"हळू बोल गं, बाई ऐकेल."