काचेवरची धूळ

“या फोटोत जोडताऱ्याभोवती कसलं तिरकं कडं? कॅमेऱ्याच्या काचेवर धूळ बसलीय, दुसरं काय! काका, तुमचे डोळे गेले, आता घरी बसा,” साहेब सगळ्यांदेखत कडाडले. वेधशाळेच्या काचा पुसण्यात जन्म घालवलेल्या काकांनी खिशातला मऊ ब्रश टेबलावर ठेवला. “चुकलंच असेल माझं.” माझं टाळकं सटकलं. “साहेब, कॅमेरा आडवा फिरवून मी दुसरा फोटोही काढलाय. धूळ काचेवर असती, तर कडं फोटोत जागचं हललं नसतं. हे बघा, ताऱ्यांबरोबर तेही फिरलंय! म्हणजे धूळ आभाळातच आहे. म्हातारा तारा वायू सांडतोय, जोडीदार तो ओढतोय, झोत उडवतोय, आणि दोघांभोवती धुळीचं कडं साचलंय.” माफी कसली मागतात! “आपला शोध!” म्हणत साहेब फोनकडे धावले. ब्रशला हात न लावता काकांनी विचारलं, “पोरी, म्हणजे माझी काच स्वच्छच होती ना?”