दोऱ्याचं माप

साताऱ्याच्या कोर्टातल्या मुलांच्या खोलीत सुट्टीवर आलेल्या फौजी बापानं लेकीपुढं नवे बूट ठेवले. मुक्तानं पाय घातला. टाच बाहेरच राहिली. "कवाचं माप हाय हे?" रेश्मानं नवऱ्याला विचारलं. त्यानं खिशातून मळका दोरा काढला. मागल्या सुट्टीत, भांडणाआधी, तिनंच लेकीचं पाऊल मापून तो त्याला दिला होता. रेश्माचे वकील कुजबुजले, "पोरगी किती वाढली, हेही बापाला ठाऊक नाही. जजसाहेबांना एवढंच सांगा, ताबा तुम्हालाच." मुक्ता बोटं दुमडून टाच आत कोंबत होती. "बसत्यात की, पप्पा!" ती म्हणाली, पण डोळे भरले होते. कोर्टाच्या शिपायानं नावं पुकारली. वकील उठले. रेश्मा खाली वाकली. पदराचा दोरा ओढून तिनं लेकीच्या पावलाला लावला, दातानं तोडला आणि नवऱ्याच्या हातात दिला. "जुना टाकून द्या आता. पुढल्या सुट्टीला नवा देईन."