निरोपाचं पाणी

पाणी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक द्रेन्कोव्ह आज निवृत्त होत होते. खाणीखालच्या गावासाठी त्यांनी बांधलेल्या पाणपोईचं महापौरांनी तोंडभरून कौतुक केलं. तिथल्या 'शुद्ध पाणी' दाखल्यावर दरवर्षी द्रेन्कोव्हांचीच सही असे.

निघणाऱ्याची वाट पाण्यासारखी सुरळीत जावी म्हणून दारात पाणी ओतायची तिकडे रीत आहे. नमुने तपासणारी त्सोंका त्यासाठी तांब्या भरून उभी होती.

"मावशी, तहान लागलीय," संचालकांची नात म्हणाली.

त्सोंकानं संचालकांकडे रोखून पाहिलं. "पी की बाळा. आजोबांच्याच पाणपोईचं आहे."

पोरीनं तांब्या ओठांना लावायच्या आत संचालकांनी झडप घालून तो उडवला. सगळं पाणी दारातच सांडलं.

"झालं ओतून," त्सोंका म्हणाली. "निघा आता, साहेब."